मुलांना स्कायडायव्हिंगचं प्रात्यक्षिक दाखवलं, आता पुढे काय? (विक्रोळीतल्या मुलांसाठी सल्ला हवाय)

पार्कसाईटची_ताई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, वेळ असेल तर पूर्ण वाचा प्लीज.

मी विक्रोळी पार्कसाईटला संध्याकाळी एक अभ्यासवर्ग घेते, समाजमंदिराच्या हॉलमध्ये, आठवी ते दहावीची मुलं येतात, फी वगैरे काही नाही. जानेवारी २०२४ ला मरीन ड्राइव्हवर एअर फोर्सचा एअर शो झाला होता बघा, १२ ते १४ तारखेला, रोज दुपारी बारा वाजता. तेव्हा मी अकरा मुलांना घेऊन गेले होते. विक्रोळीहून स्लो लोकल, सीएसएमटीला उतरून चालत, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली आणि चपातीभाजीचा डबा. यातल्या चार मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा मरीन ड्राइव्ह बघितलं, मुंबईत जन्मलेली मुलं आहेत ही.

सूर्यकिरणची नऊ विमानं डोक्यावरून गेली तेव्हा सगळी किंचाळली, सारंगची हेलिकॉप्टर आली तेव्हा टाळ्या. पण आकाशगंगाचे, म्हणजे एअर फोर्सच्या पॅराशूट टीमचे, जवान वरून सुटले, आधी नुसते ठिपके, मग एकामागून एक छत्र्या उघडल्या, तेव्हा आमची पोरं एकदम गप्प झाली. ती शांतता मला अजून आठवते. विमान बघताना त्यांना मशीन दिसत होतं आणि इथे माणूस दिसत होता, असं मला वाटतं.

परत येताना ट्रेनमध्ये आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, त्यांच्या छत्रीची घडी कोण घालतं?" तिची आई साड्यांना फॉल-बिडिंग करते, घरी साड्यांचे ढीग, घडी घालायचं काम हिचंच. मला उत्तर माहीत नव्हतं. बघून सांगते म्हटलं आणि ते राहूनच गेलं.

आता ती दहावीत आहे. परवा तिची जुनी वही हातात आली तर मागच्या पानांवर पॅराशूटचीच चित्रं, दोऱ्या मोजून काढलेल्या, खाली लिहिलंय "मी पण". मला खूप वाईट वाटलं हो. दोन वर्षं हे मनात घेऊन ती माझ्यासमोर बसतेय आणि मी तिला समीकरणं शिकवतेय.

तर प्रश्न असा आहे की एका सद्गृहस्थांनी क्लाससाठी चाळीस हजार देऊ केलेत, "मुलांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी करा" म्हणून. माझ्या मनात आलं की आमच्याच मैदानावर कोणा स्कायडायव्हरला उतरवता येईल का, सगळ्या वस्तीच्या मुलांसमोर? ते जमण्यासारखं आहे का? आणि खरं सांगा, अशा प्रात्यक्षिकाने पुढे काही होतं का, की एक दिवसाची मजा आणि संपलं? पैसे लोकांचे आहेत, वाया घालवायचे नाहीयेत. कोणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.

ठाण्याची_गगना

ताई, मी लिहू शकते यावर. मी आयटीत आहे, पण सुट्ट्या साठवून थायलंडला जाऊन कोर्स केला आणि आत्तापर्यंत १४०च्या आसपास उड्या झाल्यात. दोन वेळा डेमो जंपच्या, म्हणजे लोकांसमोर दाखवायच्या उडीच्या, ग्राउंड क्रूमध्ये पण होते.

मैदानाचं आधी सांगते, पार्कसाईटला नाही जमणार. एक तर वरचं आकाश मुंबई एअरपोर्टचं, सतत विमानं, त्यात मधे उडी मारायची म्हणजे डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी खातं), एटीसी (एअरपोर्टचा कंट्रोल), पोलीस सगळ्यांच्या परवानग्या, विमान भाड्याने, चाळीस हजारात त्यातलं काहीच बसत नाही. मरीन ड्राइव्हला एअर फोर्स करते ते अख्खी यंत्रणा मागे उभी असते म्हणून. आणि पैसे असते तरी मी नको म्हटलं असतं, कारण इमारती. वारा इमारतीवर आपटला की पलीकडच्या बाजूला भोवरे होतात, ते इमारतीच्या उंचीच्या दहा-पंधरा पट लांबपर्यंत जाणवू शकतात. सात मजली बिल्डिंग धरली, वीसेक मीटर, तरी दोनशे-तीनशे मीटरपर्यंत हवा खवळलेली. पॅराशूट म्हणजे शेवटी कापड आहे, त्यात हवा भरलीय म्हणून त्याला पंखाचा आकार आहे, भोवऱ्यात सापडलं की कोलमडू शकतं. वर वायरी, झाडं, आणि डेमोला बोलावलेली मुलं धावत खाली येतात ते वेगळंच.

आता तुमचा खरा प्रश्न, फरक पडतो का. माझा अनुभव सांगते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजच्या मैदानावर डेमो होता, आजूबाजूच्या शाळांची मुलं आणून बसवलेली, सकाळी आठपासून. माझ्याकडे वाऱ्याचं मीटर होतं. साडेनऊला वारा वाढायला लागला, दहाला झोत यायला लागले, टीम लीडरने वरूनच उडी रद्द केली. पोरांचे चेहरे असे पडले की बघवेना, पाहुणे मंडळी कुजबुजायला लागली. विमान धावपट्टीवर परत उतरलं आणि तासाभराने उडी मारणारे ते चौघं जीपमधून मैदानात आले, पाठीवर रिग, म्हणजे पॅराशूटची पिशवी, तशीच. लीडरने माईक घेतला नाही. सरळ मैदानाच्या मधोमध जाऊन पॅराशूट पसरलं आणि मुलांना हाक मारली. वीस-बावीस पोरांनी कड धरली, वारा होताच, कापड भप्पकन फुगलं आणि सगळी पोरं चार पावलं ओढली गेली. मग त्याने एकेकाला हार्नेसचा पट्टा हातात धरायला दिला, "खेच, बघ किती जोर आहे." आणि मग सांगितलं की हाच वारा, म्हणून मी आज उडी मारली नाही. उडीपेक्षा ते जास्त लक्षात राहिलं असणार असं मला मनापासून वाटतं. त्यातल्या एका मुलाचा मला अजून मेसेज येतो, तो आता डिप्लोमाला आहे, एरोनॉटिकल नाही, मेकॅनिकलच, पण डीपीला फोटो अजून तोच, कड धरलेला.

म्हणून म्हणते, आकाशात ठिपका दाखवलात तर पोरं टाळ्या वाजवतील. माणूस आणि ते कापड हाताला लागलं तर पोरं प्रश्न विचारतील. तुमच्या त्या मुलीने तर बघा, ठिपका बघूनच घडीचा प्रश्न विचारला!

मुलांना सांगायला थोडी माहिती देते. नेहमीची उडी तेरा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे चार किलोमीटर. बाहेर पडल्यावर दहा-बारा सेकंदात वेग ताशी १९०-२००ला पोचतो आणि मग वाढत नाही, कारण हवेचा विरोध आणि वजन बरोबरीत येतात. आपली फास्ट लोकल शंभरच्या आसपास धावते, त्याच्या दुप्पट धरा. पोटात गोळा वगैरे येत नाही, पडतोय असं वाटतच नाही, जोराच्या वाऱ्यावर पालथं झोपल्यासारखं वाटतं. हे पाऊण-एक मिनिट. टँडममध्ये, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून उडी असते त्यात, साधारण पाच हजार फुटांवर पॅराशूट उघडतात. कळसूबाई ५४०० फूट आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर असताना छत्री उघडतेय असं सांगा, लगेच कळेल पोरांना. उघडल्यावर पाचेक मिनिटं, उजवा टॉगल, म्हणजे वळवायची दोरी, ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे, आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करून दोन्ही एकदम खाली.

पाठीवर एक नाही, दोन पॅराशूट असतात. मेन बिघडलं तर ते सोडून द्यायचं आणि रिझर्व्ह उघडायचं. वर एक छोटं यंत्र असतं, एएडी म्हणतात, माणूस बेशुद्ध पडला तरी ठराविक उंचीला ते स्वतःच रिझर्व्ह उघडतं.

वयाचं मात्र लक्षात ठेवा. टँडमलाही बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण लागतात, आणि ते तीसेक हजारांच्या घरात जातं, म्हणजे चाळीस हजारात एका मुलाची एक उडी. तो मार्ग सोडून द्या. प्लॅस्टिकची पिशवी, दोरे आणि बिस्किटाचा पुडा, एवढ्यावर एक अख्खा रविवार जाईल. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडायचं. पहिलं पॅराशूट हमखास झोके खात येईल, कारण आतली हवा कडेने आळीपाळीने निसटते. मग वर मधोमध छोटंसं भोक पाडायला सांगा, सरळ येईल. भोक का, हे आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या.

लालबागची_आई

मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

माझा मुलगा पण असाच, सहावीत असताना शाळेत कोणीतरी वक्ते आले, मोठी स्वप्नं बघा, आकाश तुमचंच आहे वगैरे सांगून गेले, तेव्हापासून पायलट व्हायचं त्याच्या डोक्यात. आम्ही दोघंही नोकरी करतो, आम्हाला यातलं काही माहीत नाही. बारावी झाल्यावर उपनगरातल्या एका इन्स्टिट्यूटने एव्हिएशनचा कोर्स म्हणून दीड लाख घेतले, सहा महिन्यांनी कळलं की हा पायलटचा नाहीच, ग्राउंड स्टाफचा आहे. मग चौकशी करून मेडिकलला गेलो तर डॉक्टरने रंगांच्या ठिपक्यांचे आकडे वाचायला दिले आणि त्याला लाल-हिरवा नीट वेगळा करता येत नाही असं निघालं. अठरा वर्षांचा मुलगा, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तो त्या रात्री जेवला नाही, आणि पुढे वर्षभर कशातच लक्ष नव्हतं त्याचं.

मला त्या वक्त्यांचा राग नाही हो. पण स्वप्न दाखवून जाणारे दुसऱ्या दिवशी नसतात. घरी आईबाप असतात आणि त्यांना काही माहीत नसतं. त्या वक्त्यांनी अर्ध्या तासातली पाच मिनिटं जरी सांगितलं असतं की पायलटला फिजिक्स-मॅथ्स लागतं, मेडिकल लागतं, डोळे आधीच तपासून घ्या, तरी आमचं एक वर्ष वाचलं असतं.

म्हणून ताई, तुम्हाला हात जोडून सांगते, त्या चाळीस हजारातले थोडे बाजूला काढा आणि सगळ्या मुलांचे डोळे तपासून घ्या, रंगांची टेस्ट सकट. कार्यक्रम काय करायचा तो करा, पण हे आधी करा. आणि पालकांनाही बोलवा. मुलीची आई फॉल-बिडिंग करते म्हणालात ना, त्यांना पहिल्या रांगेत बसवा.

चिंचपोकळीचा_चिंतामणी

लालबागच्या आईंना +१००. डोळ्यांच्या टेस्टचं कोणाच्याच डोक्यात येत नाही. माझ्या भावाला मर्चंट नेव्हीच्या वेळी कळलं.

डोंबिवलीचे_सार्जंट

ताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न वाचला आणि रात्री झोप आली नाही, म्हणून सकाळी टाइप करतोय. मोबाईलवर सवय नाही, चुका असतील.

छत्रीची घडी कोण घालतं? मी घालायचो.

वीस वर्षं हवाई दलात एअरमन होतो, ट्रेड सेफ्टी इक्विपमेंट. इजेक्शन सीटची पॅराशूट, लाइफ जॅकेट, डिंगी म्हणजे हवा भरायची छोटी होडी, सगळं आमच्याकडे, त्यातली काही वर्षं पॅराशूट सेक्शनला. आजपर्यंत कितीतरी समारंभ बघितले, उडी मारणाऱ्याचा सत्कार होतो, व्हायलाच पाहिजे, पण घडी कोणी घातली हे मला कधी कोणी विचारलं नाही. पहिल्यांदा कोणी विचारलं तर ते पार्कसाईटच्या आठवीतल्या पोरीने.

तिला सांगा, लांब टेबल असतं, एका टोकाला वरचा भाग अडकवतात, दुसऱ्या टोकाला दोऱ्या ताणून धरतात. आधी दोऱ्या तपासायच्या. एक एक दोरी बोटांतून सरकवत न्यायची, डोळ्यांनी दिसत नाही ते बोटाला कळतं, कुठे धागा उसवलाय, कुठे कडक झालंय. मग कापडाचा एक एक पट उलगडायचा, सारखा करायचा, डाव्या बाजूचे डावीकडे, उजव्या बाजूचे उजवीकडे. हवा दाबून काढायची. मग लांब घडी, मग नागमोडी आत बसवायचं, आणि दोऱ्या रबरात झिगझॅग अडकवायच्या, म्हणजे उघडताना गाठ न पडता क्रमाने सुटतात. घडी म्हणजे नुसतं छोटं करून ठेवणं नाही, ते वर कसं उघडणार आहे ते आधी डोक्यात बघून उलट्या क्रमाने बांधणं आहे. हे मला माझ्या हवालदारासारख्या कडक सीनियरने शिकवलं, तो मागे हात बांधून उभा राहायचा आणि एक पट वाकडा दिसला तर काही न बोलता पूर्ण उलगडून टाकायचा. पहिल्या महिन्यात माझं एकही पॅराशूट त्याने पास केलं नाही.

शेवटी अवजारं मोजायची, म्हणजे चिमटा, वजनाची पिशवी काही आत राहिलं नाही ना. आणि मग लॉग कार्डवर सही. ती सही करताना माझा हात कधीच घाईत चालला नाही. ते पॅराशूट कोणाच्या पाठीवर जाणार हे माहीत नसायचं, पण कोणाच्या तरी जाणार हे माहीत असायचं.

एक गोष्ट या धाग्यात सुधारून लिहितो. आकाशगंगाचे जवान किंवा स्पोर्टचे लोक मेन पॅराशूट बऱ्याचदा स्वतःच पॅक करतात, सराव झालेल्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. रिझर्व्ह मात्र परवानाधारक रिगरच, म्हणजे पॅराशूट तपासून बांधणारा माणूसच, पॅक करतो. आकाशगंगा टीम १९८७ची, आग्र्याची, तिथेच पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल आहे.

ज्या मुलीचे हात साड्यांच्या घड्यांत तयार झालेत तिला अर्धं काम येतंच. मी हे उगाच गोड बोलत नाहीये, हाताला कापडाचा कल कळणं ही शिकवून येणारी गोष्ट नाही, सरावानेच येते.

माझ्या ओळखीतल्या एका स्पोर्ट जंपरकडे बाद झालेली जुनी कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, आहे, उडीला चालत नाही पण शिकवायला उत्तम. ती मिळवतो. मी डोंबिवलीहून येईन, मानधन नको, गाडीखर्चही नको. फक्त मला चहा लागतो अर्ध्या अर्ध्या तासाला.

प्राची_मुलुंड

सार्जंट काका, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. तुम्ही किंवा तुमच्यासारख्या कोणीतरी घातलेल्या घडीवर मी उडी मारलीय.

मी कॉलेजला एनसीसीत होते, सीनियर विंग, आणि आग्र्याला पॅरा कोर्सला माझी निवड झाली होती. घरी बाबा रिक्षा चालवतात. हे मुद्दाम लिहितेय, कारण त्या कोर्ससाठी घरून लाखभर रुपये आणावे लागले नाहीत, पळण्यात आणि फिटनेसमध्ये पास व्हावं लागलं. आधीचे दिवस सगळे जमिनीवरच, प्लॅटफॉर्मवरून उड्या, दोन्ही पाय जोडून, आधी तळवे, मग पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ असं लोळत जायचं म्हणजे धक्का एका जागी बसत नाही. इतकं केलं की रात्री झोपेत पण पाय जोडले जायचे.

आमच्या उड्या स्टॅटिक लाइनच्या होत्या, म्हणजे दोरी विमानातल्या केबलला अडकवलेली, तुम्ही बाहेर पडलात की तीच पॅराशूट उघडते. उंची बाराशे-साडेबाराशे फूट. दार उघडं, इंजिनाचा आवाज, हिरवा दिवा लागतो आणि पुढची मुलगी गायब होते, मग तुम्ही. मला भीती वाटली का तर हो, खूप, पण पाय थांबले नाहीत कारण ते पाय तीन आठवडे तेच करत होते. आणि छत्री उघडल्यावर जी शांतता असते ना, ताई तुम्ही मरीन ड्राइव्हची शांतता लिहिलीय, ती वरून पण तशीच असते.

मी पुढे एसएसबीला, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडतात त्या मुलाखतीला, दोनदा गेले, झालं नाही. आता बँकेत आहे. तरी मला ते स्वप्न फुकट गेलं असं एक दिवस पण वाटलं नाही.

त्या मुलीसाठी कामाचं सांगते, ती दहावीत आहे म्हणजे हेच वर्ष महत्त्वाचं. नाशिकला राज्य सरकारची मुलींची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था सुरू झालीय २०२३ पासून, मुलांची संभाजीनगरला १९७७ पासून आहे. दहावीत असतानाच अर्ज करायचा असतो, लेखी परीक्षा, मुलाखत, मग अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी तिथेच. एनडीएत मुलींची पहिली बॅच २०२२ ला गेली, मे २०२५ ला बाहेर पडली. ते नाही झालं तरी अकरावीला जिथे घेईल तिथे एनसीसी आहे का ते आधी बघायचं, आणि सायन्स घेणार असेल तर मॅथ्स सोडायचं नाही, एअर फोर्सला फिजिक्स-मॅथ्स लागतंच.

आणि तिला आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांच्याबद्दल नक्की सांगा. १८ एप्रिल २००४, उत्तर ध्रुवावर, २४०० फुटांवरून, आणि ती त्यांची आयुष्यातली पहिली उडी होती, आधी एकही सराव उडी नाही. पुढे २००६ ला दक्षिण ध्रुव, २०११ ला पद्मश्री, २०१८ ला थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी, २०२३ ला एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. आणि त्यांच्याही आधी रेचल थॉमस, रेल्वेत नोकरी करत करत १९७९ पासून उड्या मारत होत्या, २००२ ला त्यांनीही उत्तर ध्रुवावर उडी मारली. रेल्वेत नोकरी ही गोष्ट आपल्या मुलांना जास्त पटते, कारण शेजारी कोणीतरी रेल्वेत असतंच.

ठाण्याची_गगना

प्राची, नऊवारीचं बरं आठवलंस. नऊवारीतली उडी म्हणजे हौस वाटते लोकांना, पण कापड सुटलं तर ते पॅराशूटच्या दोऱ्यांत किंवा हँडलवर येऊ शकतं, त्यामुळे ते कापड जागच्या जागी पक्कं बसवणं हेच मोठं काम. हे त्या मुलीच्या आईला सांगितलं तर त्या दोन मिनिटांत उपाय सुचवतील बघा.

लालबागच्या आई, तुमच्या मुलासाठी एक. स्कायडायव्हिंग हौस म्हणून करायला पायलटसारखं मेडिकल नसतं, चष्मेवालेही करतात, रंगांची अडचण असलेले मी स्वतः बघितलेत. विमान चालवता नाही आलं तरी त्याला आकाश बंद झालेलं नाही. तो तयार असेल तर माझ्याशी बोलू दे.

धोक्याचं पण लिहिते, लपवून ठेवून प्रेरणा देऊ नये असं माझं मत. अमेरिकेत २०२३ ला साधारण साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. यातले बरेच अपघात असे असतात की पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असतं आणि जमिनीजवळ येऊन माणूस चुकीचं वळण घेतो. मुलांना हे सांगाच. पोरं घाबरत नाहीत खरं सांगितल्याने, उलट कान देऊन ऐकतात.

लालबागची_आई

गगना, वाचून दाखवलं त्याला. काही बोलला नाही, पण नंबर मागितलाय. मेसेज करते.

पार्कसाईटची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री क्लास संपल्यावर त्या मुलीला आणि तिच्या आईला थांबवून सार्जंट काकांची पोस्ट मोबाईलवरून वाचून दाखवली. दोऱ्या बोटांतून सरकवत न्यायच्या, हे आलं तेव्हा तिच्या आईने मान हलवली, म्हणाली जरीचा धागा तुटलाय का ते आम्ही पण असंच बघतो, डोळ्यांना नाही दिसत. मुलगी काही बोलली नाही, फक्त "सही केल्यावर मग परत उघडून बघता येतं का?" एवढं विचारलं. काका, याचं उत्तर तुम्हीच तिला समोर द्या.

आता ठरलंय ते लिहिते. मैदानावर उतरवायचा विचार सोडला. पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार धरतेय. सकाळी नऊला पिशव्यांची पॅराशूट, आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरी द्यायचं कबूल केलंय, फक्त कुंड्यांना धक्का लागता कामा नये म्हणाल्या. मग काकांची कॅनोपी, मुलं आणि पालक दोघंही. डोळ्यांचं शिबिर त्याच दिवशी नको, गर्दीत नीट होणार नाही, ते आदल्या शनिवारी, एका डॉक्टरांशी बोलणं झालंय, रंगांच्या पुस्तकासकट येतील. प्राची, तू नाशिकच्या अर्जाचं समजावायला येशील का? तिचा दाखला, आधार वगैरे मी तयार ठेवते. अजून दोन मुली आणि एक मुलगा पण विचारतायत, म्हणजे चार अर्ज. चाळीस हजारातले उरतील ते या चौघांच्या परीक्षेच्या फी आणि जाण्यायेण्याला ठेवायचे असं त्या सद्गृहस्थांना विचारलं, ते हो म्हणाले.

काका, एकच अडचण. आमचा हॉल पंधरा बाय वीस फुटांचा आहे, त्यात कॅनोपी पसरणार का? नाहीतर शाळेचं पटांगण मागते, पण तिथे खडी आहे, कापड फाटेल अशी भीती वाटतेय.

डोंबिवलीचे_सार्जंट

हॉलमध्ये नाही पसरणार, पटांगणच घ्या. खडीवर आधी ताडपत्री, त्यावर जुन्या चादरी, वस्तीतून दहा-बारा गोळा करा. चपला सगळ्यांनी बाहेर काढायच्या, बांगड्या-अंगठ्या पण, कापडाला अडकतात. मुलीला सांगा नखं कापून ये.

आणि हो, सही केल्यावर शंका आली तर उघडायचं. पूर्ण उघडायचं आणि पहिल्यापासून परत घालायची. मी चार वेळा उघडलंय.

प्राची_मुलुंड

येतेय ताई. रविवारी नऊला विक्रोळी स्टेशनला उतरते, माझे आग्र्याचे पॅरा विंग्ज, म्हणजे कोर्सचा बिल्ला, पण आणते, मुलांना हातात घेऊन बघू देत.